भ भटजीचा, ई ईडलिंबाचा : आपल्या पहिल्या पुस्तकाची गोष्ट

२०२५ च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत महाराष्ट्रात पहिलीच्या वर्गावरून जेवढा आवाज झाला, तेवढा गेल्या कित्येक वर्षांत झाला नसेल. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, १७ जूनला तो थोडा फिरवला, २९ जूनला दोन्ही रद्द. मोर्चे, चर्चा, टीव्हीवर भांडणं. बाजू कुठली बरोबर हे मी इथे सांगत नाही, माझं मत तुम्हाला माहीतच आहे. पण त्या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही : ज्या सहा वर्षांच्या पोराच्या नावाने हे चाललंय, त्याच्या हातात मराठीचं जे पहिलं पुस्तक पडतं, ते कसं आहे? त्यात काय आहे? ते कुणी ठरवलं?

म्हणून आज थोडं अंकलिपीबद्दल. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

अंकलिपी म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात, नाहीतर गल्लीतल्या स्टेशनरीवाल्याकडे वडापावच्या किमतीत मिळणारं पातळ पुस्तक. मुळाक्षरं, बाराखडी, अंक, पाढे, वार, महिने, ऋतू, मागच्या पानावर फळं नाहीतर पक्षी. लेखकाचं नाव बहुतेक वेळा नाहीच. मराठीत सर्वांत जास्त हाताळल्या गेलेल्या पुस्तकांमध्ये याचा नंबर फार वरचा असणार, आणि ना त्याची समीक्षा होते ना साहित्य संमेलनात त्यावर परिसंवाद.

पुस्तक छापील स्वरूपात यायच्या आधी होती धूळपाटी. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने नाहीतर काडीने अक्षर काढायचं, पाटी हलवली की कोरी. 'धुळाक्षरं' हा शब्द तिथला. पंतोजींच्या शाळेत मोठी मुलं लहान मुलांना शिकवायची आणि सगळा वर्ग एका सुरात घोकायचा. या शाळेने भाषेला किती दिलंय बघा. कशाचाही 'ओनामा' झाला असं आपण म्हणतो, तो शब्द 'ॐ नमः सिद्धम्' वरून आला. मुलाला पहिल्यांदा हेच गिरवायला द्यायचे. काही अभ्यासक त्याचा संबंध जैन परंपरेशी जोडतात. 'श्रीगणेशा करणे' हे 'श्रीगणेशाय नमः' वरून. 'कित्ता गिरवणे' हे अक्षराच्या नमुन्यावर हात फिरवण्यावरून. आणि दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची रीत अजून पुण्यात पुष्कळ घरांत चालू आहे. पाटी गेली, वहीवर काढतात, पण काढतात.

अक्षरंही दोन होती, हे आज विसरायला होतं. पोथीची बाळबोध आणि व्यवहाराची मोडी. हिशेब, पत्र, कज्जा, सगळं मोडीत. छापखाना आल्यावर बाळबोध पुढे गेली, कारण मोडीचं वळण हाताचं. जोडून, पळवत लिहायचं. तिचे खिळे पाडायचं काम विल्यम कॅरीने श्रीरामपूरला केलं होतं, पण चाललं नाही फार. मोडीचे कित्ते पुढे शिळाप्रेसवर छापले जायचे. शाळेतून मोडी गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या सुमारास. म्हणजे आज नव्वदीत असलेल्या आजोबांनी ती शाळेत गिरवलेली असू शकते. आणि आपल्याला आपल्याच पणजोबांचं खरेदीखत वाचायला माणूस शोधावा लागतो.

'अंकलिपी'तला अंक हा भाग तर वेगळ्या पोस्टचा विषय. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हे पाढे घोकून घ्यायचे, कारण रुपया सोळा आण्यांचा आणि वजनं शेर-पावशेरात. बाजारात उभ्या उभ्या तोंडी हिशेब करता यायला हवा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि या पाढ्यांचं काम संपलं. तरी पुढे कित्येक वर्षं ते अंकलिपीत छापले जात होते. पहिलं पुस्तक फार हळू बदलतं. आपण जे शिकलो तेच मुलाने शिकावं असं आई-बापाला वाटतं, आणि प्रकाशकाला ते पक्कं ठाऊक असतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'त्रेवीस'च्या जोडीला 'वीस तीन' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गहजब झाला आठवतंय ना? मंगला नारळीकरांसारख्या बाई कारण समजावून सांगत होत्या आणि ऐकायला कुणी तयार नव्हतं. मला स्वतःला 'त्रेवीस' हवंच आहे. पण सहा वर्षांच्या मुलाला 'त्रेसष्ट' ऐकून ६३ लिहायला का अडतं, हा प्रश्न खोटा नव्हता.

आता पुण्याकडे येऊ. कारण मराठीचं पाठ्यपुस्तक घडलं त्यात या शहराचा मोठा हात आहे. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा काढली. पुढे तिच्याशी जोडला गेला मेजर थॉमस कँडी, मोल्सवर्थबरोबर कोशावर काम केलेला. सरकारी मराठी क्रमिक पुस्तकं त्याच्या नजरेखाली तयार झाली. आपण आज लिहिताना जो स्वल्पविराम, पूर्णविराम देतो, त्यावरचं 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तकही त्याचंच, १८५० चं. मराठी शाळेची मराठी कशी असावी हे ठरवणारा माणूस इंग्रज होता आणि त्याच्या हाताखाली पुण्याचे शास्त्री होते. या जोडीने ज्या भाषेला 'शुद्ध' म्हटलं, ती कुठल्या घरांत बोलली जात होती हे वेगळं सांगायला नको.

ते सांगितलं जोतीराव फुल्यांनी. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढणारे जोतीराव आणि सावित्रीबाई. त्याच जोतीरावांनी १८६९ मध्ये 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी' हा पवाडा लिहिला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्या निवेदनातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची त्यांनी यादीच दिली : मोडी आणि बाळबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, आणि त्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे. कुणब्याच्या पोराला त्याच्या कामाचं काही पुस्तकात सापडलं पाहिजे, हा आग्रह १८८२ मधला.

आणि आता भिंतीवरचा तक्ता डोळ्यासमोर आणा.

अ अननसाचा. आ आईचा. इ इमारतीचा. ई ईडलिंबाचा. उ उखळाचा, ऊ उसाचा, ऋ ऋषीचा, ए एडक्याचा, ऐ ऐरणीचा. पुढे भ भटजीचा, य यज्ञाचा, र रथाचा, ध धनुष्याचा, त तलवारीचा, क्ष क्षत्रियाचा. ण बाणाचा, कारण ण ने सुरू होणारा शब्दच नाही. ङ आणि ञ बिचारे चित्राविना.

अननसाची तर गंमतच आहे. मराठी मुळाक्षरांचा पहिला मान ज्याला, ते फळ दक्षिण अमेरिकेतलं. पोर्तुगीजांनी आणलं, नावही तिकडच्या आदिवासी भाषेतून त्यांच्या तोंडून आपल्याकडे आलं. पण त्याबद्दल माझी तक्रार नाही, अननस आता आपलाच आहे. ईडलिंबू मात्र मी आजवर जितक्या जणांना विचारलं, त्यातल्या बहुतेकांनी ते फक्त तक्त्यावर पाहिलंय. एडका म्हणजे मेंढा हे शहरातल्या मुलाला कोण सांगणार? ऐरण म्हणजे काय हे सांगायला लोहाराचा भाता हवा.

उखळ, ऐरण, औत ही एका काळी घरासमोरची चित्रं होती. ज्याने पहिल्यांदा ती निवडली त्याने मुलाच्या अवतीभवतीचंच निवडलं होतं. आपण त्याची निवड करायची पद्धत सोडली आणि निवडलेले शब्द तेवढे धरून ठेवले. भटजी-यज्ञ-क्षत्रिय यांचं मात्र वेगळं आहे. ते कधीच सगळ्यांच्या घरासमोर नव्हते. बावन्न अक्षरांत भटजीला जागा मिळाली, कुंभाराला नाही, कोळ्याला नाही, चांभाराला तर नाहीच. च, क, ल, स यांना शब्दांची काय कमी होती? कुणी बसून कट केला असं मी म्हणत नाही. चित्र काढणाऱ्याला जे सहज सुचलं ते त्याने काढलं, आणि सहज काय सुचतं यातच सगळं आलं. हल्लीच्या बऱ्याच तक्त्यांत भटजींच्या जागी भोपळा आलाय. बरंय. निदान भोपळा सगळ्यांच्या घरी शिजतो.

दुसरी अडचण जास्त तांत्रिक आहे, पण मुलाच्या दृष्टीने मोठी. आपली वर्णमाला ही मुळात तोंडाचा नकाशा आहे. क-वर्ग घशाकडून, च-वर्ग टाळूकडून, मग ट, त, आणि प-वर्ग ओठांवर. एबीसीडीला असला काही क्रम नाही, तिला सफरचंदाचा आधार लागतो. आपण तोच साचा उचलला. आणि त्या साच्यात मराठीची स्वतःची खोड बसतच नाही. 'चार' मधला च आणि 'चाक' मधला च म्हणून बघा. 'जीभ' आणि 'जाळं'. 'झेंडा' आणि 'झाड'. एका अक्षराचे दोन उच्चार, तक्त्यावर चित्र एकच. घरी मराठी बोलणारं मूल हे आपोआप उचलतं. पण आज पुण्यातल्या पालिकेच्या शाळांत कितीतरी मुलं घरी हिंदी, कन्नड, तेलुगू, वडारी, पारधी बोलणारी आहेत. त्यांना हे कोण सांगतं?

मग आलं ग म भ न. कित्येक पिढ्यांनी याच चार अक्षरांनी सुरुवात केली. कारण वळणाचं : उभी काठी आणि डावीकडे छोटासा फेरफार, हात पटकन बसतो. लिहिण्याच्या दृष्टीने डोकं लावलेलं आहे, नाकारणार नाही. पण वाचायचं काय? काना-मात्रा अजून शिकवलेल्या नाहीत, म्हणून या चार अक्षरांतून निघणार ते नभ, नग, गगन, गमन. आता सांगा, कुठलं सहा वर्षांचं पोर 'नभ' म्हणतं? आई, पाणी, काका, भाकरी, गाडी या शब्दांसाठी त्याला महिनोन्‌महिने थांबायचं. तोवर त्याची खात्री पटलेली असते की वाचणे हा आपल्या बोलण्याशी संबंध नसलेला कसलातरी उद्योग आहे.

ही गाठ सोडवायचा प्रयत्न आपल्याकडे झाला नाही असं नाही. अत्रे घ्या. कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक, लंडनला जाऊन शिक्षणशास्त्र शिकून आलेले. त्यांची 'नवयुग वाचनमाला' आली आणि मराठी क्रमिक पुस्तकात मुलांच्या तोंडची भाषा शिरली. नाटककार अत्रे, संपादक अत्रे सगळ्यांना माहीत असतात, हे काम मागे पडतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ घ्या. ताराबाई गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून आलेल्या, अनुताई आपल्या मोरगावच्या. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी मॉन्टेसोरीची महागडी साधनं बाजूला ठेवून दगड, शिंपले, पानं, बिया यांवर बालवाडी उभी केली. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. फलटणला मॅक्सीन बर्नसन घ्या. जन्माने अमेरिकन, भाषाशास्त्रज्ञ, आणि फलटणकर. ऐंशीच्या दशकात त्यांनी प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभं केलं. वाचन शिकवण्याची त्यांची पद्धत ऐकायला साधी आहे : सगळी अक्षरं संपेपर्यंत थांबू नका, थोडी अक्षरं घ्या, त्यांच्याबरोबर लगेच काना-वेलांटी द्या, आणि मुलाला पहिल्या काही आठवड्यांतच खरे शब्द वाचू द्या. मुलांना बोलतं करा, त्यांचं बोलणं फळ्यावर लिहा. 'नभ'च्या दुखण्यावरचा हा नेमका उपाय. साताऱ्या-पुण्यातल्या पुष्कळ शिक्षकांना ही पद्धत माहीत आहे. पालकांना नाही.

जगातही हेच सापडतं. कोमेनियसने १६५८ मध्ये मुलांसाठी चित्रांचं पुस्तक काढलं, त्यात प्रत्येक अक्षराला एक प्राण्याचा आवाज होता. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर माओरी मुलांना रोज सकाळी विचारायची की आज तुला कुठला शब्द हवाय, आणि तो कार्डावर लिहून द्यायची. आणि आपल्याच देशातल्या बंगालचं बघून तर मला हेवा वाटतो. १८५५ मध्ये विद्यासागरांनी 'वर्णपरिचय' लिहिताना वर्णमालाच नीट लावून घेतली. १९३० मध्ये रवींद्रनाथांनी 'सहज पाठ' लिहिलं आणि चित्रं काढली नंदलाल बोसांनी. नोबेल मिळालेला कवी आणि देशातला पहिल्या फळीतला चित्रकार, दोघं मिळून बालवर्गाचं पुस्तक करतात! आपल्याकडे कुठल्या मोठ्या चित्रकाराला अंकलिपी काढ म्हणून कुणी सांगितलं?

आता एका वर्गाची गोष्ट. माझ्या ओळखीच्या एक बाई पालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवतात. त्यांनी तक्ता काढून ठेवला आणि मुलांनाच अंकलिपी करायला लावली. साहित्य म्हणजे जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजू, खडू, डिंक आणि सुई-दोरा. आठवड्याला दोन-तीन अक्षरं. नियम एकच : वस्तू तू स्वतः पाहिलेली हवी, आणि कुठे पाहिलीस ते सांगता आलं पाहिजे.

ते पुस्तक मी चाळलंय. ट टपरीचा. र रिक्षाचा. ख खड्ड्याचा, आणि खड्ड्यात पाणी, पाण्यात बाबांची गाडी. ढ ढोलाचा (पुणं आहे शेवटी). 'ण बाणाचा' कुणालाच पटेना, बाण पाहिलेला नव्हता, मग एका मुलीने 'ण पाण्याचा' म्हणून टँकर आणि रांगेतल्या कळश्या काढल्या. ळ ला नळ, अर्थातच शेजारच्या पानावर. ज ला जेसीबी आणि जाळं असे दोन दावे आले, दोन्ही म्हणून बघताना मुलांनाच लक्षात आलं की आवाज वेगळे आहेत, आणि बाईंनी ज ची दोन पानं केली. भाषाशास्त्रातला एक धडा असा पहिलीत झाला, कुणीही व्याख्या न देता. छ ला सगळे 'छत्री' म्हणत होते. एका मुलाने 'छिन्नी' आणली. त्याचे वडील दगडकाम करतात. वेलांटी अजून शिकवलेली नव्हती, म्हणून मोठ्या माणसाने 'हे नंतर' म्हटलं असतं. बाईंनी फळ्यावर लिहिलं. त्या दिवशी वर्गाला वेलांटी आली, छिन्नीमुळे. तो मुलगा तोवर वर्गात फारसा बोलत नसे, असं बाई म्हणाल्या. नंतर छिन्नी, हातोडा, पाटा, वरवंटा असं काय काय त्याने सांगायला सुरुवात केली आणि वर्गात त्याची किंमत वाढली.

याला तीन महिने लागले. हे लिहितोय, कारण 'सर्जनशील शिक्षण' हा शब्द अधिकारी सहज वापरतात आणि त्याच बाईंना निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षणं आणि रोजची ऑनलाइन माहिती भरायलाही बसवतात. ते पुस्तक झालं ते बाईंनी स्वतःच्या वेळेतून वेळ काढला म्हणून.

सरकारने काही केलं नाही का? केलं. २००९ मध्ये शासनाने वर्णमाला ठरवून दिली. ॲ आणि ऑ हे स्वर अधिकृत झाले, स्वर चौदा झाले, म्हणून बाराखडीची चौदाखडी झाली. बॅट आणि बॉल म्हणणाऱ्या मुलाला त्याचे स्वर मिळाले, चांगलंच झालं. ल पाकळीचा आणि श देठाचा, असंही ठरलं, २०२२ मध्ये ते पुन्हा सांगावं लागलं. कारण संगणकावरचे पुष्कळ फाँट हिंदी वळणाचे. मूल पुस्तकात एक ल बघतं, आईच्या मोबाईलवर दुसरा. बाजारातल्या अंकलिप्यांत दोन्ही ल एकाच पानावर मी पाहिलेत. शासन निर्णय निघाला, पण अप्पा बळवंत चौकापर्यंत तो चालत आलाय का हे बघणारं कुणी नाही. बालभारतीचं पुस्तक तपासलं जातं, १९६७ पासून त्याला एक संस्था आहे, ती इथेच सेनापती बापट रस्त्यावर आहे. त्याच्याही आधी हातात पडणारी अंकलिपी मात्र मोकाट.

मला दोन गोष्टी व्हायला हव्यात असं वाटतं, आणि दोन्ही पुण्यात होऊ शकतात. बालभारतीने एक कोरी अंकलिपी छापावी. प्रत्येक पानावर फक्त अक्षर, योग्य वळणाचं, खाली ओळी, आणि बाकी जागा मुलाची. छपाईला खर्च किरकोळ. आणि दुसरं, भिडेवाड्याची जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडली, तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचंय. तिथे पुतळे आणि म्युरल्स असतीलच. एका खोलीत धूळपाटी, मोडीचे कित्ते, शंभर-सव्वाशे वर्षांच्या अंकलिप्या आणि आजच्या मुलांनी केलेल्या अंकलिप्या ठेवायला काय हरकत आहे? सावित्रीबाई तिथे शिक्षिका होत्या. तिथे अक्षर असायला हवं.

त्यासाठी आधी जुन्या प्रती जमायला हव्यात, आणि त्या ग्रंथालयात फारशा सापडत नाहीत, कारण पोरांनी फाडून संपवलेलं पुस्तक जपून कोण ठेवतं? तरी कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, आजीच्या पेटीत १९८० च्या आधीची अंकलिपी, उजळणी किंवा मोडी कित्ता असेल तर मुखपृष्ठ आणि मुळाक्षरांच्या पानाचा फोटो खाली टाका. कुठल्या गावी विकत घेतली तेही लिहा. आणि तुमच्या तक्त्यावर भ कशाचा होता ते नक्की सांगा.